उंदरांमध्ये चाललेली डेंड्रिटिक सेल लस बाबांना द्यावी का?

माधवी_सांगली: नमस्कार. बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे, वरच्या थरातला. दुर्बिणीतून गाठ काढली, आता बीसीजीचे (क्षयाची लस, मूत्राशयात सोडतात ती) डोस चालू आहेत. डोसनंतर लघवीला इतकी आग होते की ते म्हणतात, पुरे झालं आता. त्यात मामांनी एका क्लिनिकचं पत्रक पाठवलंय. स्वतःच्या रक्तातून बनवलेली ‘डेंड्रिटिक सेल लस’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘उंदरांमध्ये गाठ पूर्ण गेली’. खर्च लाखांत. गेली म्हणजे नेमकं काय झालं हो?

प्राणीघरवाला: रोजचं काम हेच, त्यामुळे जरा लांबण लागेल. उंदराच्या मांडीच्या हाडातला बोनमॅरो सिरिंजने धुऊन काढतात. त्या पेशी जीएम-सीएसएफ आणि आयएल-४ ही वाढीची प्रथिनं घालून आठवडाभर वाढवल्या की डेंड्रिटिक पेशी मिळतात. कॅन्सरच्या पेशी गोठवून, वितळवून फोडायच्या आणि तो चोथा यांना खाऊ घालायचा. पुढे टी पेशींना, म्हणजे शरीराच्या लढाऊ पेशींना, शत्रू ओळखायला याच शिकवतात. तत्त्व पक्कं आहे. या पेशी शोधणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना 2011 चं नोबेल मिळालं.

मेख प्रयोगात असते. गाठ बहुतेक वेळा कातडीखाली टोचलेली असते, कारण तिथे ती व्हर्नियर मोजपट्टीने मोजता येते. मूत्राशयात लावायची तर मादीला भूल देऊन, लहान बाळांना लावतात ती पिवळी कॅन्युला सुई काढून मूत्रमार्गातून सरकवायची आणि पेशी आत सोडायच्या. काही माद्यांमध्ये गाठ रुजतच नाही. लस देण्याआधी हे तपासलं नाही, तर त्याही ‘बऱ्या झाल्या’ म्हणून मोजल्या जातात!

मादीच का? तिचा मूत्रमार्ग आखूड आणि सरळ. पण गाठ लावायला सर्रास वापरतात ती एमबी49 ही कॅन्सरची पेशी नर उंदराची. तिच्यात वाय गुणसूत्र शाबूत असेल, तर मादीचं शरीर तिला आपणहून परकी मानतं आणि श्रेय जातं लसीला. शिवाय लस गाठीआधी दिली की नंतर, हे नक्की बघा. तुमच्या बाबांना गाठ आधी झाली आहे.

मूत्रविकार_डॉ: मूत्राशयासाठी ही लस आज प्रमाणित उपचारांत नाही. बीसीजी 1976 पासून माणसांत तपासलेलं आहे. आगीसाठी औषध देता येतं, गरज पडल्यास डोस पुढे ढकलतात. डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. जास्त ताप किंवा थंडी वाजली तर लगेच फोन करा.

टेरियरवाली: कुत्र्यांमध्ये हा कॅन्सर आपोआप होतो, टोचावा लागत नाही. स्कॉटिश टेरियरना तर धोका इतर कुत्र्यांच्या कितीतरी पट. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. उंदरापेक्षा मला ते जवळचं वाटतं.

माधवी_सांगली: पत्रक परत वाचलं. लस गाठ टोचण्याच्या दोन आठवडे आधी दिलीय. गाठ कुठे टोचली, नर की मादी, काहीच नाही. मामांना काय सांगायचं ते मी बघते. आगीचं उद्याच डॉक्टरांच्या कानावर घालते.