जंक्शन बॉक्सच्या तळाला भोक का मागतात?

कुंडईकर

नमस्कार मंडळी. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या युनिटमध्ये डिझाइन बघतो. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून चार वर्षं झाली. आम्ही जंक्शन बॉक्स, म्हणजे केबल जोडायच्या पेट्या, बनवतो, बहुतेक औषध कारखान्यांसाठी. आता पहिल्यांदाच अणुवीज केंद्राच्या कंटेनमेंटच्या (अणुभट्टीभोवतीच्या बंद इमारतीच्या) आत बसणाऱ्या बॉक्सची चौकशी आली आहे आणि दोन गोष्टी मला सुटत नाहीत.

पहिली: ड्रॉइंगमध्ये बॉक्सच्या तळाला ६ मिमीचं भोक दाखवलंय. आमचा बॉक्स आयपी ६७ आहे. एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून आम्ही तो कोरडा काढून दाखवतो. मग मुद्दाम भोक का पाडायचं?

दुसरी: चाचणीचा क्रम असा दिलाय की ओव्हनमध्ये ८८ दिवस, मग गॅमा किरणं, मग भूकंपासारखं हलवणारं शेक टेबल, शेवटी वाफ. आमचे मालक म्हणतात, चार नमुने चार ठिकाणी एकदम पाठवू, वेळ वाचेल. असं चालतं का?

वास्को_मेंटेनन्स

भोक ही ड्रॉइंगमधली चूक असणार, लेखी विचारून घे. मी बंदरावर काम करतो. इथे केबल आत जाते तिथला एक ग्लँड सैल राहिला तरी पहिल्या पावसात टर्मिनल हिरवे पडतात. खारी हवा आत गेली की संपलं.

पैंगीणकर

चूक नाही ती, भोक हवंच. मी २८ वर्षं याच चाचण्या केल्या, निवृत्त होऊन आता गावी असते. डोंगरापलीकडे काळी नदीच्या काठावर कैगाचं अणुवीज केंद्र आहे, २२० मेगावॅटची चार युनिटं. तिथल्या कंटेनमेंटमध्ये जे बसतं ते खरं बोललं पाहिजे, ही माझ्या घरची काळजी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्याचा दाब. ३० बाय ३० सेंमीच्या झाकणावर तो ९० किलो भरतो. आता कंटेनमेंटमधली मोठी पाइप फुटली असं धर. उदाहरणाला १५० अंशांची संपृक्त वाफ घेऊ. तिचा दाब वातावरणाच्या पावणेपाच पट असतो. बॉक्समधली हवा तापून आतून थोडं ढकलते, ते वजा केलं तरी त्याच झाकणावर साधारण ३ टन येतात. पत्रा आत दबतो, गॅस्केट जागा सोडतं. समजा पत्रा जाड घेतलास नि तो टिकला, तरी ग्लँडच्या आट्यांतून आणि केबलच्या आवरणाखालून वाफ शिरतेच. चवथीला पातोळ्या उकडताना झाकण उचललं की आतून पाणी ओघळतं ना, तशी ती बॉक्सच्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. बंद बॉक्समधून ते पाणी जाणार कुठे? टर्मिनल बुडतात. भोक असलं की दाब आतबाहेर सारखा राहतो आणि पाणी निथळून जातं. वास्कोवाल्यांचा अनुभव खोटा नाही, पण बंदरावर शत्रू खारी हवा असते, इथे दाब आहे.

आता तू विचारशील, मग टर्मिनल ओले होतात त्याचं काय? खरा प्रश्न तोच आहे. ट्रान्समीटर त्याचं मोजमाप ४ ते २० मिलिअँपच्या करंटने कंट्रोल रूमला पाठवतो. त्या लूपमध्ये दोन टर्मिनलांवर २० व्होल्ट आहेत आणि ओलीमुळे त्यांच्यामधला रोध १० किलोओहमवर आला असं समज. २ मिलिअँप गळतात. लूपचा आवाका १६ मिलिअँपचा, म्हणजे साडेबारा टक्के चूक. ही गळती ट्रान्समीटरच्या करंटमध्ये भर घालते, म्हणून वाचन वरच्या बाजूला सरकतं. समजा तो पाइपमधला दाब मोजतोय. दाब पडतोय, पण कंट्रोल रूमला तो अजून बरा दिसतोय. कमी दाबावर अणुभट्टी आपोआप बंद करणारी ट्रिप उशिरा येते. बॉक्स फुटला नाही, वायर तुटली नाही, तरी सुरक्षा गेली.

म्हणून वाफेच्या चाचणीत लूपला वीज चालू ठेवून सतत वाचन घ्यायचं. आधी आणि नंतर मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावून भागत नाही, कारण वाळला की तोच बॉक्स मेगरला पुन्हा उत्तम दाखवतो. शक्य असेल तर ग्राहकाला विचार, टर्मिनल ब्लॉकऐवजी उष्णतेने आकसणाऱ्या स्लीव्हचा स्प्लाइस (वायरी थेट जोडून झाकलेला सांधा) चालेल का. कंटेनमेंटमधल्या इन्स्ट्रुमेंट लूपसाठी तोच रास्त.

चार वेगवेगळे नमुने चालणार नाहीत. नव्या बॉक्सने वाफ सोसली तर नवा बॉक्स वाफ सोसतो एवढंच कळतं. पाइप ३५व्या वर्षी फुटली तर? तोवर प्लॅस्टिक ठिसूळ, रबर चपटं झालेलं असतं. म्हणून तोच नमुना आधी म्हातारा करायचा. कैगाचं पहिलं युनिट २०१८ साली थांबलं तेव्हा ९६२ दिवस सलग चाललेलं होतं. युनिट चालू असताना जिथे माणूस जात नाही, तिथला बॉक्स तेवढा काळ कुणी उघडून बघत नाही.

कुंडईकर

काकू, एवढं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. पण ८८ दिवस हा आकडा येतो कुठून? ओव्हन अजून तापवून तो २० दिवसांवर आणता येणार नाही का? मालकांना मला आकड्यांनीच पटवावं लागेल.

पैंगीणकर

तो अऱ्हेनियसच्या सूत्रातून येतो, म्हणजे तापमान वाढलं की माल किती भराभर जुना होतो त्या हिशोबातून, आणि तू दिलेल्या आकड्यावरून मला दिसतंय की त्यांनी ५० अंशांवरची ४० वर्षं १२० अंशांच्या ओव्हनमध्ये बसवली आहेत, सक्रियण ऊर्जा (त्या सूत्रातली, प्रत्येक मालाची वेगळी संख्या) ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरून. तूच करून बघ, ८८ येतील. आता तीच ऊर्जा १.० धर. २४ दिवस होतात! म्हणून मालकांना आधी हे विचार की बॉक्समधल्या प्रत्येक प्लॅस्टिकची आणि रबराची ही संख्या कुठून आणली, आणि ती त्याच मालाच्या मोजमापातून आली आहे का. सोयीची संख्या उचलली तर ४० वर्षांचं प्रमाणपत्र हातात पडतं आणि माल मात्र दहाबारा वर्षांचाच म्हातारा झालेला असतो.

ओव्हन फार तापवलास तर काही प्लॅस्टिक वितळतातच, जे केंद्रात कधी घडणार नाही. शिवाय घाईत फक्त वरचा थर कडक होतो, आतल्या भागापर्यंत प्राणवायू पोचत नाही आणि आतला माल तरुण राहतो.

बॉक्स कुठे बसणार तेही विचार. वाफेच्या पाइपला लागून ५० ऐवजी ६० अंश असले, तर ०.८च्याच हिशोबाने ४० वर्षांची १७ होतात.

एक घडलेलं सांगते. एका कारखान्याचा ट्रान्समीटर आमच्याकडे होता. त्याला भोक नसतं, त्याचं इलेक्ट्रॉनिक्स झाकणाच्या रबरी ओ-रिंगच्या भरवशावर कोरडं राहतं. ओव्हन, कोबाल्ट-६०ची गॅमा किरणं, शेक टेबलवर पाच लहान भूकंप आणि एक मोठा, सगळं झालं. वाफेतही उत्तीर्ण. नंतर मी झाकण उघडलं तर ओ-रिंग काळीभोर, गोल, चकचकीत. बाकीचा गॅस्केटचा माल राखाडी पडलेला. शेक टेबलनंतर त्यांच्या माणसाने वाचन घ्यायला झाकण उघडलं होतं आणि चांगल्या मनाने नवी रिंग घातली होती. मी अहवालावर सही केली नाही. फार बोलणी खाल्ली. पुन्हा नवा नमुना, पुन्हा ओव्हनमध्ये ८८ दिवस. या वेळी जुनी रिंग तशीच ठेवून वाफ सोडली आणि पाचव्या मिनिटाला वाचन भरकटलं. उघडलं तर रिंग एका बाजूने चौकोनी झालेली, आत वाटीभर पाणी.

त्यांनी शेवटी दर काही वर्षांनी रिंग बदलायची असं देखभालीच्या कागदात लिहिलं आणि तेवढ्या वर्षांपुरतीच रिंग म्हातारी करून चाचणी दिली. ते रीतसर आहे, लपवलेलं नाही.

वास्को_मेंटेनन्स

भोकाबद्दल माझं चुकलं, मान्य. पण ताई, जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्राच्या अपघातात तर पाण्याची पातळी दाखवणारा मीटर चालू होता ना? तरी सगळे फसले.

पैंगीणकर

हो. ११ मार्च २०११च्या रात्री पहिल्या युनिटमध्ये वीज नव्हती, माणसांनी गाड्यांच्या बॅटऱ्या आणून जोडल्या तेव्हा आकडा दिसला. पाणी इंधनाच्या वर आहे, असं तो सांगत होता. प्रत्यक्षात इंधन वितळत होतं. तो मीटर अणुभट्टीच्या पात्रातल्या पाण्याची तुलना शेजारच्या एका भरलेल्या नळीशी करतो. कंटेनमेंट इतकं तापलं की त्या नळीतलंच पाणी उकळून गेलं, फरक कमी झाला आणि पातळी जास्त दिसू लागली. ट्रान्समीटरने त्याच्याकडे आलेला फरक इमानाने दाखवला. त्याला जेवढ्या तापमानासाठी सिद्ध केलं होतं, त्याच्या पुढे परिस्थिती गेली होती. म्हणूनच ट्रान्समीटर, नळी, केबल, ग्लँड, सगळी साखळी एकत्र तपासायची असते.

कुंडईकर

मालकांशी बोललो. एकच नमुना, क्रमानेच जाईल. आता ग्राहकाला विचारतोय की वाफेच्या चाचणीत बॉक्स भिंतीवर कसा लावायचा.

पैंगीणकर

केंद्रात जसा लावणार तसाच, भोक खाली. केबलही तीच, ग्लँडही तोच, आणि ग्लँड किती टॉर्कने आवळला तो आकडा अहवालात लिही. वाफेचं तापमान ग्राहकाच्या आलेखापेक्षा ८ अंश आणि दाब १० टक्के जास्त ठेवायला सांग. झाकण मधे उघडायची वेळ आली तर कोणी, कधी, काय बदललं ते फोटोसकट नोंदव. ओव्हनमध्ये जायच्या आधीचं वाचन आलं की इथे टाक, मी बघते.