कोणतेही मोठे संकट नसताना इतका ताण कशाचा?

तापीकाठ (रावेर तालुका) :
माझे वय 44 आहे. घरी सहा एकर केळी आहे, निम्मी नवती (नवी लागवड) आणि निम्मा पिलबाग (जुन्या झाडांच्या पिलांवर घेतलेला). घरात आजारपण नाही, भांडण नाही, कर्जाचा हप्ता थकलेला नाही. तरीही गेल्या चार-पाच महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते, मान आखडते आणि मुलाने साधे काही विचारले तरी माझा आवाज चढतो. कारण शोधू लागलो की हाती लागतात त्या किरकोळ गोष्टी : थ्री फेज वीज रात्रपाळीला असली की बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला जाणे, डोळे उघडताच मोबाइलवर केळीचा भाव पाहणे, घड कापणीला आलेले असताना व्यापाऱ्याने सलग तीन दिवस ‘उद्या गाडी पाठवतो’ म्हणणे, बारावीतल्या मुलीच्या क्लासची फी. यातल्या एकालाही संकट म्हणता येत नाही, म्हणून कोणाला सांगायचीही लाज वाटते. असे इतर कोणाला होते का?

धुळेकर :
मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. होम्स आणि राहे या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यात ताण आणणाऱ्या 43 घटनांची एक यादी केली होती. तीत जोडीदाराच्या मृत्यूला 100 गुण होते आणि लग्नाला 50. तुमच्यासारख्याला त्या यादीत फारसे गुण मिळणार नाहीत. मात्र 1981 मध्ये मानसशास्त्रज्ञ लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की मानसिक तक्रारींचा अंदाज अशा मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या कटकटींवरून अधिक चांगला बांधता येतो. धोका दिसला की शरीरात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात आणि धोका टळला की ते उतरतात, अशी ही व्यवस्था आहे. पण ‘उद्या येणारी’ गाडी ना येते ना रद्द होते, त्यामुळे शरीराला उतरायला सवडच मिळत नाही. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे आधी वेगळे करून पाहावे. भाव दिवसातून एकदाच, तोही न्याहारीनंतर पाहिला तर भाव बदलणार नाही, पण सकाळ वाचेल.

यावलचा शेतकरी :
सर, माफ करा, पण भाव न पाहण्याचा सल्ला पगारदार माणसालाच सुचू शकतो. कापलेला माल थांबत नाही आणि मे महिन्यात वावटळ उठली की उभा बाग आडवा होतो. हा ताण मनाचा नसून व्यवहाराचा आहे, त्यामुळे उपायही व्यवहारातच शोधला पाहिजे. आम्ही शेजारच्या चौघांनी रात्रीच्या पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या आहेत. ज्याची पाळी असेल तो चौघांच्याही मोटारी पाहतो आणि उरलेले तिघे झोपतात. बिबट्याच्या भीतीने एकट्याने जाणे तसेही धोक्याचेच होते.

चोपड्याची ताई :
दोघांचेही म्हणणे पटते, पण दादा, चार-पाच महिने झोप मोडत असेल तर आधी रक्तदाब, साखर आणि थायरॉइड तपासून घ्या; माझ्या यजमानांच्या चिडचिडीला आम्ही वर्षभर स्वभाव समजत होतो आणि निघाला तो वाढलेला रक्तदाब. बोलावेसे वाटले तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. आणखी एक, तुमच्या यादीत वीज, भाव, गाडी, फी सगळे आले, वहिनी कुठेच आल्या नाहीत. त्यांना झोप लागते का, हे कधी विचारले आहे का?

तापीकाठ :
सर्वांचे आभार. शनिवारी रावेरला तपासणीला जात आहे, आणि पाळ्यांविषयी बांधावरच्या दोघांशी बोललो, ते तयार आहेत. ताई, काल रात्री विचारले. ती म्हणाली, ‘तुम्ही मोटारीवर गेलात की परत येऊन फाटकाची कडी वाजेपर्यंत मी जागीच असते.’ लग्नाला 19 वर्षे झाली, मला हे माहीत नव्हते.