आणीबाणी आणि घरातल्या मुली: तुमचे अनुभव लिहा

आणीबाणीला पन्नास वर्षं होऊन गेली. मिसाबंदींचे, म्हणजे मिसा कायद्याखाली तुरुंगात डांबलेल्यांचे, सत्कार झाले, कोणी कोणाला तुरुंगात बुद्धिबळात हरवलं तेही छापून आलं. पण २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, या काळात ज्या घरांत दोन तट पडले, तिथल्या बारा-पंधरा वर्षांच्या मुली काही बोलत नाहीत. पुण्यातल्या मैत्रिणींनो, लिहा. सुरुवात मी करते.

मी तेरा वर्षांची. शनिवार पेठेतल्या वाड्यात खाली आम्ही, वर थोरले काका. काका काँग्रेसचे. जुलैत बाबांना येरवड्याला नेलं. काकू आईशी बोलायची, पण भाजीच्या वाटीची देवघेव थांबली. चुलतबहीण माझ्याच वर्गात. ती पुढे चालायची, मी दहा पावलं मागे. बाबांची नोकरी खासगी, पगार लगेच बंद. दूधवाला, वाणी, भाडं, सगळ्याचा हिशेब मी एका वहीत ठेवायला लागले. वाण्याकडे उधारी कशी मागायची तेही जमलं. मुलाखतीला गेलं की बाबा म्हणायचे, "अभ्यास कर." मी म्हणायचे, "करते."
सुटून आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी वही मागितली. "आता मी बघतो." मी दिली नाही. अजून माझ्याकडेच आहे.

दप्तरवाली लिहिते:
मी खोटं बोलायला शिकले. नोव्हेंबर ७५ च्या सत्याग्रहाच्या वेळी दादा घरातून गायब. कोणी विचारलं की "मामाकडे, सांगलीला." सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली. पुढे सासूबाईंनाही मी इतक्या सफाईने थापा मारल्या की बस. थोडा दोष आणीबाणीचा, बाकी माझा!

कसब्यातली लिहिते:
माझं घर 'वरच्या मजल्या'वालं म्हणा. वडील सरकारी नोकर, आत्याचे यजमान आत. "तिकडे फिरकायचं नाही," अशी आम्हाला ताकीद. भाऊबीजेला वडील गेले नाहीत. मी शिकवणीचं निमित्त करून गेले, तर आत्या गच्चीत चंद्राला ओवाळत होती. भाऊ तीन गल्ल्या पलीकडे असताना! घरी येऊन वडिलांना ते सांगितलं. ते जेवणावरून उठले. त्यांच्यासमोर मी आवाज चढवला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

पर्वती पायथ्याची लिहिते:
सगळ्यांचे वडील, भाऊच आत होते असं नाही हो. समाजवादी नेत्या प्रमिला दंडवते येरवड्यात होत्या आणि त्यांचे यजमान मधू दंडवते बंगळुरूच्या तुरुंगात. आमच्याकडे आईने सत्याग्रह केला. वडिलांना तो मुळीच पटला नव्हता, ते मुलाखतीला यायचेच नाहीत. मामा न्यायचा.
आई आत असतानाच मला पाळी आली. आजी कडक सोवळ्याची, कोपऱ्यात चटई टाकून दिली. पुढच्या मुलाखतीला बाजूला पोलीस उभा, शेजारी मामा. कसं सांगणार? म्हटलं, "आई, मी हल्ली लांब बसते."
आई गप्प झाली. मग पोलिसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजीला सांग, आमच्या घरात एकच कैदी पुरे."