माहितीपटात चौऱ्याहत्तर आहे, अठ्ठ्याहत्तर कुठंय?

गोदाकाठ
परवा इथं एकानं लिहिलं, '७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनावरचा माहितीपट बघून डोळे भरून आले. तेव्हा पोरं एक होती, जात कुणी विचारत नव्हतं.' दोन रात्री डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो. मीही बघितला. वसमतचा गोळीबार, बंद पडलेली कॉलेजं, नोकऱ्या-उद्योग-रेल्वेच्या मागण्या, सगळं नीट घेतलंय. शेवटी आंदोलनाचे नेते गोविंदभाई श्रॉफांचा फोटो, मागं बासरी, संपलं! अहो, चारच वर्षांनी, २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव झाला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंना कसं मारलं ते नांदेडकडच्या कुणालाही विचारा. त्याच कॉलेजांतली पोरं विरोधाच्या मोर्चात होती. चार वर्षांत जात काय आभाळातून पडली? माझा मामा तेव्हा औरंगाबादला, बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद कॉलेजात शिकायचा. सुट्टीत गावी निघाला, तर एसटीचा कंडक्टर हळूच म्हणाला, 'तुझ्या फाट्यावर उतरू नको, पुढं चल.' मामा पुढं दीड वर्ष गावी गेला नाही.

अस्सल_परभणी
ती पोस्ट माझीच. एक आंदोलन दाखवलं की 'दुसरं का नाही', हे आता पाठ झालंय. मग १९३८ पासूनच धरा ना. वंदे मातरम् म्हटलं म्हणून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं काढलेली पोरं नागपूरला जाऊन शिकली, तेही राहिलंच की. तासाभरात किती कोंबायचं? माझे वडील ७४ ला आठ दिवस आत होते. कोठडीत सगळ्या जातींची पोरं, एका ताटात भाकरी. हे खोटं का?

गोदाकाठ
ताट एक होतं, मान्य. ७८ ला वडील कुठल्या मोर्चात होते? सहज विचारतो.

अस्सल_परभणी
वडिलांवर जायचं काम नाही. सांगून ठेवतो.

बीडचा_प्रवासी
तुमचं चालू द्या, पण मागण्यांत रेल्वे होती ना? आमच्या बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला! नगर-बीड-परळी २६१ किलोमीटर, त्यात आमच्या तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. आजोबा म्हणायचे, रूळ दिसले की डोळे मिटतो. रूळ दिसायच्या आधीच मिटले.

सेलूची_सून
दादा, तुम्हाला निदान नवी गाडी मिळाली. आमच्याकडं परभणी-मुदखेड दुहेरी झालं, मनमाडकडं जायचं तर क्रॉसिंगला ताटकळा. माझ्या नणंदेचं डोहाळजेवण गेलं त्या पायी.

बीडचा_प्रवासी
ताई, डोहाळजेवण गेलं, आमचे आजोबा गेले. तुलना करू नका.

नांदेडी_शाई
रेल्वे प्रवासी संघाचा धागा वेगळा काढा हो!! आणि 'हिंगोली जिल्ह्यातलं वसमत' असं माहितीपटात म्हटलंय. हिंगोली जिल्हा झाला १९९९ ला, तेव्हा वसमत परभणीत होतं. एवढंही तपासत नाहीत.

सेलूची_सून
जिल्ह्याचं राहू द्या, त्यात बोलणारे नऊच्या नऊ पुरुष आहेत. माझी आत्या मोर्चात होती, तिला विचारायला कोण आलं? कॅमेरा घेऊन आले ते काकांकडं. आत्यानं त्यांना चहा दिला.

गोदाकाठ
हे बरोबर बोललात ताई. आणि नामांतराला सोळा वर्षं लागली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी जाळून घेतलं, तेव्हा कुठं १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार. नामांतर नव्हे, नामविस्तार! बाबासाहेबांचं नाव जोडलं, पण 'मराठवाडा' तसंच ठेवलं. त्या पोरांवर माहितीपट निघाला की म्हणणार, 'जातीचं राजकारण.' हे मात्र 'मराठवाड्याचं आंदोलन.'

अस्सल_परभणी
आत्ता वडिलांना फोन केला. तुमचं समाधान व्हावं म्हणून. म्हणाले, '७८ ला मोर्चात नव्हतो. घरीच होतो. कोठडीतला दोस्त होता ना, त्याच्या वस्तीकडं धूर दिसत होता, पण गेलो नाही.' मग फोन ठेवून दिला. नंतर उचललाच नाही. घ्या, जिंकलात. माहितीपट तरी चांगलाच आहे, हे मी लिहिणारच.

गोदाकाठ
लिहा की, अडवलंय कुणी. तो दोस्त हयात आहे का?

बीडचा_प्रवासी
परळीपर्यंतचं काम कधी पुरं होणार, कुणाला माहिती आहे का?