शब्दचर्चा : काचेला ‘घाम येतो’ की ‘पाणी सुटतं’?

तावदान : जुन्या काचपात्रांवर पावसाळ्यात बारीक थेंब उमटतात, त्याला इंग्रजीत ‘वीपिंग ग्लास’ म्हणतात. ‘रडणारी काच’ कानाला खटकतं. ‘घामेजलेली काच’ चालेल?

खडीसाखर : नको. घाम येतो तो थंड पेल्याला. ते हवेतलं पाणी, पुसलं की संपलं. इथे ‘पाणी सुटणे’च हवं. जुलैत मुंबईत मिठाच्या बरणीचं जे होतं, तेच हे. काचेत चुना ४-५ टक्क्यांहून कमी आणि सोडा किंवा पोटॅश जास्त पडला असेल, तर दमट हवेत ही अल्कली (म्हणजे सोडा-पोटॅशचा अंश) पृष्ठभागावर येते, तिचे क्षार होतात आणि ते ओल ओढतात. हा थेंब बुळबुळीत असतो, पीएच कागदावर ९ च्या वर जातो, म्हणजे अल्कधर्मी असतो. हातमोजे घाला.

तावदान : मग सिलिका जेल ठेवून खडखडीत वाळवली की झालं?

पागोळी : तिथेच तर काच हातची जाते! अल्कली निघून गेलेल्या थरात पाणी शिरलेलं असतं. तो झटकन सुकला की आकसतो आणि चिरांचं जाळं पडतं. याला ‘तडकणे’ म्हणू नये. ही काच ‘भेगाळते’, आटलेल्या तळ्यासारखी. लंडनचा काचनिर्माता रेव्हन्सक्रॉफ्ट याची १६७० च्या दशकातली सुरुवातीची शिसेयुक्त काच अशीच भेगाळली होती. नुसतं पाणी सुटलेल्या काचेवरचे क्षार डिस्टिल्ड पाण्यात ओलवलेल्या सुती कापडाने टिपून वरची ओल लगेच पुसून घ्या. भेगाळलेलीला पाणी लावू नका. कपाटात आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर हवी. दिवसा एसी, रात्री बंद, हे सगळ्यांत वाईट.

तावदान : उत्खननातल्या रोमन काचेची मोरपंखी झाकही भेगाळण्यातूनच?

खडीसाखर : नाही, ते ‘पापुद्रे सुटणे’. मातीतल्या पाण्याने अल्कली धुपून सिलिकाचे (काचेतल्या वाळूच्या मूळ द्रव्याचे) पातळ थर उरतात, त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसतात. रस्त्यावरच्या डबक्यातल्या तेलासारखे. घासलंत तर रंगाबरोबर मूळ पृष्ठभागही जाईल. उन्हात वर्षानुवर्षं राहून जांभळट झालेली काच याहून वेगळी. तो आतल्या मँगनीजचा परिणाम.

पागोळी : ‘आरशाचा पारा उडाला’ मात्र जसंच्या तसं ठेवा. तिथे बिघडतो तो मागचा मुलामा. चोरबाजारात पारा-कथिलाचा खरा जुना आरसा मिळाला, तर चौकटीची खालची कड आधी पाहा, पाऱ्याचे थेंब तिथे साचतात.