१०५० टीआय ग्राफिक्स कार्ड काढून ३०६० टाकायचंय, एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) झेपल का?

परभणीचा_शूटवाला
राम राम मंडळी. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आय५ १०४०० आणि जीटीएक्स १०५० टीआय हाये, पण आता फोर-के फुटेज टाकलं की टाइमलाइन अडकायली म्हणून सेकंडहँड आरटीएक्स ३०६० १२ जीबी बघायलो. दुकानवाला म्हणतो ४५० वॉटचा एसएमपीएस हाये ना, कन्व्हर्टर लावून देतो, काही होत नाही. आता हा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, आणि पीसी वर पत्र्याच्या खोलीत. दुपारी नुसत्या रेंडरला (एडिट झालेला व्हिडिओ बाहेर काढताना) जुनं कार्डच ८० डिग्रीला जायलंय. काय काय चेक करू? ऐन लग्नसराईत पीसी बसला तर पार्टी घरी येऊन बसंल राव.

पकड_पाना
भाऊ, डब्यावरचे ४५० विसर. स्विच बंद कर, वायर काढ, कॅबिनेटचं झाकण उघड आणि एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर हायेत ते बघ. त्याला १२ नं गुण, तेच कामाचे वॉट. दोन रकाने असले तर बेरीज करू नको, कंबाइंड लिहिलेलं असतं ते धर.

१०५० टीआय ७५ वॉटचं, बहुतेक स्लॉटवरच भागतं, म्हणून आजवर कळलं नाही. ३०६० ला १७० लागतात अन् ८ पिनची वायर. कन्व्हर्टर तर नकोच, तो साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) प्लगवरून ८ पिन काढतो, अन् साटाचा प्लग ५४ वॉटपर्यंतचा आणि ८ पिन म्हणजे १५० चा हिशोब. एकाचा काढायला गेलो तर प्लग वितळून पिनांना चिकटलेला, पकडीनं ओढावा लागला.

परभणीचा_शूटवाला
बघितलं. १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॉट??? ४५० काहून लिहितेत मग

पकड_पाना
विकायला 😄 कार्डचे १७० गेले की २२ उरले, त्यात प्रोसेसर, फॅन, हार्ड डिस्क कसं बसवणार. एनव्हिडिया ३०६० ला ५५० वॉट सांगते, चांगल्या कंपनीचा तेवढा आधी घे, कार्ड नंतर. आणि आणायच्या आधी कॅबिनेटमधी लांबी मोज, पुढच्या फॅनला कार्ड अडतंय बऱ्याचदा.

लातूरचं_ऊन
एसएमपीएस बदलशील पण पत्र्याचं काय? खोलीच ४० ला असली तर फॅन तीच गरम हवा फिरवणार. एक सोपं बघ, झाकण लावून अर्धा तास रेंडर टाक, मग झाकण काढून तेवढंच. काढल्यावर ८-१० डिग्री उतरलं तर हवा अडकायली, पुढून एक आत घेणारा अन् मागून एक बाहेर फेकणारा फॅन टाक. फरकच पडला नाही तर कार्डची धूळ आणि चिपवरची थर्मल पेस्ट बघ. ब्लोअर मारताना पातं बोटानं धर, सुसाट फिरू देऊ नको, बेअरिंग जातं.

आणि पाण्याचा कूलर पीसीच्या तोंडावर लावू नको हां, मी केलेलं हाये. ओल आणि धूळ मिळून हीटसिंकमधी चिखल झाला, जुन्या ब्रशनं खरवडत बसलो.

गंगाखेडचा_गडी
१२ जीबी लागतच असंल तर ठीक, नाहीतर ४०६० बघ, ११५ वॉटमधी काम होतंय, खोली पण कमी तापंल. मेमरी ८ च जीबी हाये मात्र. ३०६० च घेतलं तर सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट थोडं खाली आण, रेंडरला जरासा उशीर होईल बस. बाकी अर्थिंग हाये का? कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असल्या तर आधी ते.

परभणीचा_शूटवाला
झिणझिण्या येतेत की!! मला वाटलं सगळ्यांच्याच पीसीला येत असतील. ५५० चा एसएमपीएस सांगून आलो, दुकानवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. कार्ड पुढच्या महिन्यात. वायरमन उद्या येतो म्हणलाय, पण ते मागच्या सोमवारी पंख्यासाठी बोलावला तवापासून म्हणायलाय.