टेझर (पोलिसांची विजेचा झटका देणारी बंदूक) नुसता रोखला, मारला नाही, तरी तक्रार करता येते का? (इंग्लंड)

नमस्कार मंडळी, इकडे इंग्लंडात राहणाऱ्यांपैकी कोणाला पोलिसांविरुद्ध तक्रारीचा अनुभव असेल तर प्लीज सांगा. माझा मुलगा १७ वर्षांचा, गेल्या आठवड्यात क्रिकेटहून येताना पोलिसांनी रस्त्यात अडवला, म्हणे वर्णन जुळत होतं कुणाशी तरी, आणि किटबॅग खाली टाक म्हणून ओरडत एकाने टेझर काढून सरळ छातीवर लाल ठिपका धरला. बॅगेत बॅट नि पॅड! मग जा म्हणाले. शॉक बसला नाही पण पोरगा संध्याकाळी एकटा बाहेर पडेना झालाय.

पोलिसांना फोन केला तर म्हणे डिस्चार्ज झालेलाच नाही, म्हणजे झाडलाच नाही. नोंद झाली का विचारलं तर धड सांगेनात. मिस्टर म्हणतात आयएलआरचा (इथे कायम राहण्याच्या परवानगीचा) अर्ज आत आहे, उगाच कशाला पोलिसांच्या नादी लागायचं. नुसता रोखला तर तो वापर धरतात का? बॉडी कॅमचं फुटेज आपल्याला मिळतं का? आणि तक्रार बघणार कोण, तेच ना?

प्रतिसाद १
ताई, धरतात. टेझर बाहेर काढला, रोखला, लाल ठिपका धरला, की तो वापरच, आणि ऑफिसरला यूज ऑफ फोर्सचा (बळ वापरल्याच्या नोंदीचा) फॉर्म भरावा लागतो. होम ऑफिस (इथलं गृहखातं) दरवर्षी आकडे काढतं त्यात मारल्यापेक्षा न मारताच्याच नोंदी कितीतरी जास्त असतात, त्यामुळे 'डिस्चार्ज नाही' हे उत्तरच नव्हे. पण आधी फुटेजचं बघा, केसशी संबंध नसलेलं फुटेज बऱ्याच ठिकाणी महिनाभरात उडतं. आजच ईमेल टाका, तारीख, वेळ, रस्ता लिहा, फुटेज जपून ठेवा म्हणा, सोबत सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे आपल्याबद्दलची माहिती मागायचा अर्ज. फी नाही. ती मुलाच्या नावाने करा, आणि तक्रार तुम्ही करणार असाल तर त्याची लेखी संमती जोडा.

प्रतिसाद २
पहिल्यांदा बघणार त्याच पोलीस दलाचं प्रोफेशनल स्टँडर्ड्स (पोलिसांची वागणूक तपासणारं) खातं, म्हणजे हो, तेच. निकाल पटला नाही तर २८ दिवसांत रिव्ह्यू मागता येतो, कुणाकडे ते पत्रातच असतं, आयओपीसी (पोलिसांवरच्या तक्रारी बघणारी स्वतंत्र संस्था) नाहीतर लोकल पोलिसिंग बॉडी (त्या भागातल्या पोलिसांवर देखरेख ठेवणारी). आयओपीसी स्वतः तपासाला उतरते ती बहुतेक मृत्यू, गंभीर इजा असल्या प्रकरणांत. टेलफर्डमध्ये २०१६ साली डॅलियन ॲटकिन्सन गेला, ॲस्टन व्हिलाचा जुना फुटबॉलपटू, त्यात टेझर ३३ सेकंद चालला होता. एकदा ट्रिगर दाबला की ५ सेकंदांत थांबतो, दाबून धरला तरच पुढे चालतो. डोक्यात लाथाही घातल्या होत्या. बेंजामिन मंक या पोलिसाला २०२१ मध्ये मनुष्यवधासाठी ८ वर्षं कैद झाली. पाच वर्षं लागली हो! तुमच्या केसमध्ये एवढं काही होणार नाही, फार तर माफी, पण कागदावर येईल. आणि तक्रार करणं हा काही गुन्हा नाही, मिस्टरांना सांगा. फारच वाटलं तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे. ईमेल टाकला. मुलगा संमतीवर सही करतो म्हणाला, पण काय घडलं ते लिहून दे म्हटलं की उठून जातो. आत्ता नुसती तक्रार टाकून त्याचं म्हणणं मागाहून दिलं तर चालतं का?